सायकल सुटी करून पाहताना

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'शोध आणि संशोधक' असा एक तक्ता हमखास असतो. डाव्या रकान्यात यंत्र, उजव्या रकान्यात माणूस. दूरध्वनी : बेल. वाफेचे इंजिन : वॅट. सायकल : मॅकमिलन. आमच्या पिढीने हा तक्ता पाठ केला, आमची मुलेही करत आहेत. बाकीच्या ओळींबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. सायकलच्या ओळीमागे मात्र मी गेली सहा-सात वर्षे लागलो आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि अभियंताही नाही. आयुष्य हिशेबनिशी करण्यात गेले. खतावणीतली प्रत्येक नोंद कुठल्या पावतीवरून आली हे पाहायची सवय तिथे लागली, तीच या कामात उपयोगी पडली.

किर्कपॅट्रिक मॅकमिलन हा स्कॉटलंडमधला लोहार. त्याने १८३९ च्या सुमारास पायाने दांडे ढकलून चालणारी दुचाकी केली, असे सांगितले जाते. या नोंदीची पावती शोधायला गेले की हाती लागतो तो पन्नास वर्षांनंतरचा दावा. १८९० च्या दशकात, सायकलचे वेड भरात असताना, जेम्स जॉन्स्टन नावाच्या त्याच्याच एका नातलगाने तो मांडला. पुरावा म्हणून दाखवली जाते ती १८४२ सालची ग्लासगोची एक बातमी. त्या बातमीत स्वाराचे नाव नाही. शिवाय यंत्र हाताने फिरवल्याचा उल्लेख आहे.

फ्रेंचांचाही असाच एक पूर्वज आहे. १७९१ साली द सिव्राक नावाच्या सरदाराने दोन चाकांची लाकडी गाडी पॅरिसमध्ये आणली, ही कथा लुई बोद्री द सोनिए या लेखकाने १८९१ सालच्या आपल्या पुस्तकात छापली. असा दुचाकीवाला सरदार झालाच नव्हता, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. १८७० च्या युद्धात जर्मनांकडून हार पत्करलेल्या फ्रान्सला सायकलचा मान जर्मन माणसाकडे जाऊ द्यायचा नव्हता, हे या कथेमागचे कारण समजण्यासारखे आहे. इटलीने तर थेट लिओनार्दो दा विंचीला उभे केले. त्याच्या कागदपत्रांच्या जीर्णोद्धारानंतर १९७४ च्या सुमारास सायकलचे एक ओबडधोबड चित्र प्रसिद्ध झाले. चेन, पेडल, सगळे त्यात होते. हान्स-एर्हार्ड लेसिंग या जर्मन अभ्यासकाने १९९७ साली ते चित्र मागाहून कोणीतरी काढलेले असल्याचे सप्रमाण मांडले, आणि आज बहुतेक अभ्यासक ते खरे मानत नाहीत.

तीन देश, तीन जनक आणि तिन्ही ठिकाणी पावती कच्ची. तेव्हा मी प्रश्नच बदलला. सायकल कोणी शोधली हे विचारण्याऐवजी सायकलचा प्रत्येक भाग कशासाठी आला हे पाहायचे ठरवले. भंगारवाल्याकडून २२ इंची, कांबीच्या ब्रेकची एक जुनी काळी सायकल घेतली. ती गोणपाटावर पूर्ण सुटी केली, भाग रॉकेलमध्ये धुतले आणि प्रत्येक भागाशेजारी कागदाच्या चिठ्ठीवर साल लिहून ठेवले. या लेखात त्याच चिठ्ठ्या क्रमाने वाचून दाखवतो.

दोन चाके आणि चिमटा : १८१७

पहिली चिठ्ठी चिमट्यावर पडली. इंग्रजीतल्या फोर्कला आपले मिस्त्री चिमटा म्हणतात आणि तो शब्द जास्त चपखल आहे.

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम गावातून कार्ल फॉन द्राइस हा वन अधिकारी एका लाकडी दुचाकीवर बसून निघाला. पेडल नव्हते, चेन नव्हती. दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत जायचे. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटरचे अंतर त्याने तासाभराच्या आसपास कापले. पुढच्या वर्षी बाडेन राज्याने त्याला त्या यंत्राचा हक्क दिला. याची पावती पक्की आहे.

द्राइसने एकामागे एक चाके लावली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढचे चाक वळते ठेवले. दुचाकीचा तोल वळण्याने सांभाळला जातो. ज्या बाजूला पडायला झाले त्या बाजूला चाक किंचित वळवले की गाडी पुन्हा स्वाराच्या खाली येते. सायकल शिकणारे मूल पडते, कारण ते घाबरून उलट्या बाजूला वळवते.

स्वार नसतानाही धावती सायकल काही वेळ सरळ का जाते, यावर अजून अभ्यास चालू आहे. चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे, असे एक उत्तर होते. चिमटा पुढे वाकलेला असतो आणि तरीही चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू सुकाणूच्या रेषेच्या मागे राहतो, हे दुसरे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली चालवताच येऊ नये अशी सायकल बनवायचा घाट घातला, आणि चाकाचा भोवरा रद्द करूनही ती चालवता येते असे त्याला दिसले. २०११ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने ही दोन्ही कारणे काढून टाकलेली छोटी दुचाकी बनवली आणि तीही आपली आपण सावरली. दोनशे वर्षे माणसे ज्यावर बसत आहेत त्या यंत्राचे गणित अजून संपलेले नाही.

पेडल : १८६६

द्राइसच्या यंत्राला पेडल लागायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच दोन्ही बाजूंनी पेडल जोडलेली दुचाकी दिसू लागली. पिएर मिशो या लोहारकाम करणाऱ्या कारखानदाराने ती विकली, म्हणून फ्रान्समध्ये त्याचे नाव झाले. पेटंट मात्र पिएर लालमाँ या कारागिराच्या नावावर आहे, तेही अमेरिकेतले, २० नोव्हेंबर १८६६ चे. लालमाँ १८९१ साली बॉस्टनमध्ये वारला, तेव्हा त्याला ओळखणारे फारसे कोणी उरले नव्हते.

माझ्या सायकलचे पेडल काढताना एक गोष्ट सोबतच्या शाळकरी पुतण्याला दाखवली, ती वाचकांनाही सांगतो. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. दोन्ही पेडल बसवताना पाना पेडलच्या वर धरून सायकलच्या तोंडाकडे फिरवायचा, काढताना मागे. डावे पेडल पायाच्या फिरण्याने सैल होऊ नये म्हणून ही योजना आहे. पण इथे एक कोडे आहे. आतले छर्रे अडकले आणि पेडल दांड्याबरोबर ओढले गेले, तर या आट्यांमुळे ते घट्ट होण्याऐवजी सुटेल. मग योजना चुकीची का नाही? मुठीत पेन्सिल सैल धरून तिचे टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवून पाहा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेला फिरते. पेडलचा आस भोकात अगदी सूक्ष्म सैल असतो आणि त्यावरचा भार गोल फिरत राहतो. त्यामुळे आसही असाच हळूहळू उलटा सरकतो. उलटे आटे या सरकण्यासाठी आहेत. राइट बंधूंचे विमानाआधी डेटन गावात सायकलचे दुकान होते. न सुटणाऱ्या पेडलची त्यांनी १९०० साली जाहिरात केली होती.

चाक : बैलगाडीपासून फारकत

बैलगाडीचे चाक आपल्याला माहीत आहे. मधे तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, बाहेर लोखंडी धाव. गाडीचा भार तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर येतो आणि तो आरा खांबासारखा दाबला जातो. म्हणून आरे जाड.

सायकलची तार बोटांनी वाकते. ती खांब होऊ शकत नाही. मग तिच्यावर माणूस, मागे कॅरिअरवर दुसरा माणूस आणि हँडलला दोन पिशव्या कशा राहतात? १८६९ साली पॅरिसच्या यूजेन मेयरने ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. प्रत्येक तार निपल फिरवून आधीच घट्ट ओढलेली असते. रिमला सगळीकडून आत खेचले जाते आणि त्या खेचाखेचीतच चाक ताठ राहते. तुंबा वरच्या तारांना लोंबकळतो, असे पूर्वी समजले जाई. योब्स्ट ब्रांट या अमेरिकी अभियंत्याने १९८१ च्या आपल्या पुस्तकात गणित मांडून दाखवले की भार येतो तेव्हा वरच्या तारांत फारसा फरक पडत नाही. जमिनीलगतच्या चार-दोन तारांचा ताण तेवढा कमी होतो. तो ताण शून्यावर गेला की चाक बसते. म्हणजे तारा सैल असलेले चाक भारापुढे आधीच हरलेले असते.

दुसरी अडचण वेगळी होती. तारा तुंब्यातून सरळ बाहेर काढल्या, तर तुंबा फिरवल्यावर त्या नुसत्या पिळतात, चाकाला जोर पोचत नाही. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ साली तारा तुंब्याला तिरक्या लावून एकमेकींवरून नेल्या. आपल्या सायकलच्या तारा एकमेकींना छेदतात त्या तेव्हापासून. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकात ३२ तारा निघाल्या, मागच्यात ४०. मागच्या चाकावर वजन अधिक आणि चेनची ओढही त्यालाच, म्हणून ही जुन्या ब्रिटिश पद्धतीची वाटणी.

चाकाचा 'आउट' काढणारा मिस्त्री हे पेटंट वाचत नाही. तो चाक फिरवतो, खडू टेकवतो, तारा बोटाने छेडून आवाज ऐकतो आणि निपल पाव फेरा देतो. तानपुरा लावणाऱ्याच्या आणि त्याच्या कामात भौतिकशास्त्र एकच आहे. आवाज खाली, तर ताण कमी.

छर्रे आणि वंगण

फिरणारा आस आणि स्थिर भाग यांत घर्षण होते. बैलगाडीत त्यावर वंगण हा एकच उपाय होता. वेल्समधल्या फिलिप व्हॉनने १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते, पण ते फारसे पसरले नाही. पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे या सायकल मिस्त्रीने १८६९ साली तेच तत्त्व सायकलला लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस ते रुआँ अशी लांब पल्ल्याची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलला स्युरिरेची बेअरिंग होती.

पण छर्रे अगदी सारख्या मापाचे हवेत. एक जरी थोडा मोठा असला तरी सगळा भार तोच घेतो आणि कटोरी खातो. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ साली पोलादी गोळ्या घासून अचूक गोल करणारे यंत्र केले आणि छर्रे स्वस्त झाले. ते गाव पुढे बेअरिंगांचे माहेरघर बनले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी १९४३ साली श्वाइनफुर्टवर मोठे हल्ले केले ते याच कारखान्यांसाठी. सायकलसाठी पोसलेल्या धंद्यावर रणगाडे आणि विमाने अवलंबून राहिली होती.

सायकलमधली छर्ऱ्यांची मांडणी, म्हणजे बाहेर कटोरी, आत कोन, मधे छर्रे, ही मला सगळ्यांत शहाणी वाटते. झीज झाली की कोन थोडा आवळायचा. फार झिजला तर तेवढाच बदलायचा. बिघाडाची जागा आधीच ठरवून ती स्वस्त ठेवलेली आहे.

चेन : उंच चाकाचा अंत

पेडल पुढच्या चाकालाच जोडलेले असेपर्यंत पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. वेग हवा तर चाक मोठे करा, हा एकच मार्ग. म्हणून १८७० च्या दशकात पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीला आले. ५४ इंची चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर जाता येते. त्यापुढे पायांची लांबी आडवी येई. आणि पुढच्या चाकाखाली दगड आला की स्वार हँडलवरून डोक्यावर पडे. हे यंत्र तरुण, धडधाकट आणि पैसेवाल्या पुरुषांचेच राहिले.

हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश आणि रोलर असलेली चेन केली. आधीच्या साखळ्यांत सगळी झीज पिनेच्या अरुंद भागावर होई. बुशमुळे ती पसरली आणि चेन टिकू लागली. आता पेडल चाकापासून सुटे करता आले. माझ्या सायकलचे पुढचे चक्र ४४ दात्यांचे, मागचे १८ चे. पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. २८ इंची चाकाला २.४४ ने गुणले तर ६८ येतात. म्हणजे ही साधी काळी सायकल ६८ इंची, पाच फूट आठ इंच उंच चाकाइतके काम करते आणि बसणाऱ्याचा पाय जमिनीला पुरतो. त्या फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते.

याच चेनवर जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली कॉव्हेंट्रीत 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. जवळजवळ सारखी चाके, मागे चेन, मधे स्वार. आजची सायकल ती हीच. तिचा सांगाडा मात्र अजून पक्का व्हायचा होता. दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून केलेला चौकोनी सांगाडा १८९० च्या सुमारास हंबर आणि इतर कंपन्यांनी रूढ केला. त्रिकोणाच्या बाजू न बदलता त्याचा आकार बदलत नाही, हे शाळेतले भूमितीचे प्रमेय त्या नळ्यांत बसले आहे.

त्याच सांगाड्याच्या वरच्या दांडीने एक सामाजिक प्रश्न उभा केला. साडी किंवा झगा नेसणारीला ती आडवी येते, म्हणून दांडी खाली वाकवलेली 'लेडीज' सायकल आली. पण भाग कशासाठी वापरायचा हे वापरणारा ठरवतो. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे की लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर मूल बसवता येते.

हवा आणि तिची किंमत

हवा भरलेल्या टायरचे श्रेय तक्त्यात डनलॉपला असते. बेलफास्टचा हा पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकीला त्याने १८८८ साली रबरी नळीत हवा भरून लावली आणि पेटंट घेतले. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूम या स्वाराने तसे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि लोकांचे हसणे थांबले. पण रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतलेले निघाले, आणि डनलॉपचे मूळ पेटंट रद्द झाले. थॉमसनची कल्पना बरोबर होती, तिला साजेसे वाहन नव्हते.

डनलॉपचा पहिला टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. काठात तार असलेला, रिमवरून उचकटून काढता येणारा टायर वेल्च याने १८९० साली केला, आणि १८९१ साली मिशलँ बंधूंच्या निघणाऱ्या टायरवर शार्ल तेराँ याने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. पंक्चरवाल्याचा धंदा, म्हणजे पाण्याची पाटी, कानस, सोल्यूशन आणि रबराचा तुकडा, तेव्हापासून शक्य झाला. आपल्या सायकलच्या ट्यूबला जो 'वाल्व' असतो, ज्याच्या आत बारीक रबरी नळी चढवायची असते, तोही त्याच दशकातला, वूड्स याचा.

इथे मी एक चिठ्ठी मुद्दाम वेगळ्या रंगाची केली. टायरला रबर लागते आणि १८९० च्या दशकात ते जंगलातून येत होते. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यातल्या काँगोत ठरावीक रबर न आणणाऱ्या गावांवर फटके, ओलीस, हात तोडणे असे अत्याचार झाले. एडमंड मोरेल याने ते उघडकीला आणले, रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि १९०८ साली तो प्रदेश राजाकडून काढून बेल्जियम सरकारकडे गेला. युरोपातले लोक रविवारी गुळगुळीत सायकलवरून फिरायला जात, त्या गुळगुळीतपणाची पावती काँगोत फाडली जात होती. शोध आणि संशोधकांच्या तक्त्यात या माणसांना रकाना नाही.

फ्रीव्हील आणि ब्रेक

पाय थांबवले तरी सायकल पुढे जावी, ही सोय विसाव्या शतकाच्या तोंडावर सर्वत्र आली. फ्रीव्हीलच्या आत दोन छोटे स्प्रिंगवरचे खटके असतात. पुढे जोर लावला की ते दात्यांत अडकतात, पाय थांबला की दात्यांवरून घसरत टिकटिकतात. हिंदी पट्ट्यातले मिस्त्री या खटक्याला 'कुत्ता' म्हणतात. गंमत अशी की इंग्रजी कारखान्यांतही अडकवणाऱ्या खटक्याला कुत्र्याचेच नाव आहे.

फ्रीव्हील आले आणि ब्रेक नीट करावे लागले. त्याआधी पेडलला उलटा जोर देऊनही वेग रोखता येई. कांबीचा ब्रेक आणि बाउडनची तार, १८९६ च्या पेटंटची, हे दोन पर्याय होते. आपल्याकडे कांबी टिकली. तार तुटते तेव्हा नवी लागते, कांबी वाकली तर दगडावर ठोकून सरळ होते.

बेळगाव ते लुधियाना

हे सुटे भाग हिंदुस्थानात आले ते बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीहून. बीएसए सायकलच्या बिल्ल्यावर तीन बंदुका दिसतात, कारण ती मुळात बंदुकांची कंपनी. कॉव्हेंट्रीतला सायकलचा धंदा शिवणयंत्रांच्या कारखान्यातून निघाला. एका यंत्राची शिस्त दुसऱ्या यंत्राला जन्म देते.

मराठी मुलखात हीच गोष्ट बेळगावात घडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो, तो या व्यवहारापासून. पुढे त्या दुकानातून कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्राच्या यंत्रउद्योगाच्या मुळाशी आटे, छर्रे आणि पाने हाताळणारे एक सायकलचे दुकान आहे, याची आठवण आपण फारशी ठेवत नाही.

सायकली मात्र बराच काळ बाहेरूनच येत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्स उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियानात हिरो निघाली. मुंजाल बंधू मूळचे आज पाकिस्तानात असलेल्या कमालियाचे. आधी अमृतसरला सुट्या भागांचा व्यापार, मग लुधियाना. १९८६ साली हिरोची नोंद जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात झाली. लुधियानाचे बळ एका कारखान्यात नव्हते. एक घर पेडल करी, दुसरे घंटी, तिसरे सीट, आणि सगळ्यांचे माप जुळे. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन मोठ्या कंपन्या मात्र डबघाईला आल्या आणि १९८० साली सरकारला कायदा करून ताब्यात घ्याव्या लागल्या.

माप जुळणे ही साधी गोष्ट नाही. पेडलचे आटे ९/१६ इंच व्यासाचे, एका इंचात २०. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच. ही मापे शंभराहून अधिक वर्षे टिकली, म्हणून लुधियानाचे पेडल नॉटिंगहॅमच्या दांड्यात बसते. रॅले कंपनीने काही आटे निराळे ठेवले होते, आणि जुन्या रॅलेची कटोरी शोधताना मिस्त्री आजही तिच्या नावाने बोटे मोडतात.

दप्तरात नसलेला इतिहास

आतापर्यंतच्या चिठ्ठ्यांवर नावे आहेत, कारण त्यांनी पेटंटे घेतली. शेवटची चिठ्ठी कोरी ठेवावी लागली. ती भारतातल्या लाखो मिस्त्रींची.

त्यांनी परकी वस्तू आपल्या भाषेत आणली. छापील मराठीत पायगाडी आणि दुचाकी हे शब्द आले. त्यांतला पहिला विस्मरणात गेला, दुसरा स्कूटर-मोटारसायकलने नेला. दुकानात मात्र वेगळेच शब्द घडत होते. चिमटा, कटोरी, छर्रे हे आपल्या घरातून गेले. चाकाचा आउट, कॉटरचा काटर, फ्रीव्हीलचे फ्रायव्हिल हे इंग्रजीवरून वळले. 'ओव्हरहॉल' चे तर 'ओव्हरऑइल' झाले, आणि ते मूळ शब्दापेक्षा अर्थपूर्ण झाले, कारण सगळे खोलून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जोडणे हेच ते काम. हे शब्द पदवी कोशांत आढळत नाहीत. मी वहीत दोनशेच्या वर उतरवले आहेत. तालुका बदलला की शब्द बदलतो.

हे आता का सांगतो? नव्या सायकलींत कटोरी आणि कोन जाऊन बंद डबीचे बेअरिंग येत आहे. ते बरेच दिवस काही मागत नाही, आणि बिघडले की आवळता येत नाही, अख्खी डबी फेकायची. गिअर आणि डिस्क ब्रेक चांगले आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण दुरुस्त करणारा माणूस आणि बदलणारा माणूस यांत फरक असतो. पहिल्याला यंत्र कळावे लागते, दुसऱ्याला भागाचा क्रमांक पुरतो. चार पाने, एक हातोडी आणि पाण्याची पाटी एवढ्यावर संसार चालवणारे दुकान बंद होते, तेव्हा त्याच्याबरोबर कानाने ताण मोजण्याची विद्याही जाते. ती विद्या शिकवणारी शाळा नाही. ती पोऱ्या म्हणून दुकानात बसून, शिव्या खात, हातात येत असे.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. वस्तू जपल्या जात आहेत, हे मोठे काम आहे. वस्तूंभोवतीचे कागद आणि बोलणे जपणे आपल्यातल्या कोणालाही जमेल. भाड्याच्या सायकलींची तासांची वही, सायकल दुकानाची जुनी पावती, नगरपालिकेचा कराचा बिल्ला, दिवा नसल्याच्या दंडाचा कागद, हे घरात सापडले तर रद्दीत घालू नका. गावात एखादे म्हातारे मिस्त्री असतील तर त्यांच्यापुढे एक सायकल आणि एक वही घेऊन बसा. एकेका भागावर बोट ठेवून "याला तुम्ही काय म्हणता, आणि हे बिघडलं तर कसं ओळखता?" एवढे दोनच प्रश्न विचारा. चेनपासून सुरुवात करावी. चेनबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचे असते.